लेंड केलेले सर

उजवा हात सरळ पुढं न्यायचा, तळवा वर. तिथं क्षणभर थांबायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि मग तोच हात सावकाश मागं आणून छातीवर ठेवायचा. "गेलं... अन् आलं. ह्याला म्हणायचं लेंड."

सर हे वर्गात करत, एसटीच्या थांब्यावर करत आणि माझ्या दुकानाच्या फळीला टेकून चहा पितानाही करत. 'गिव्ह' सांगताना मात्र हात पुढं जायचा आणि तिथंच राहायचा. सर दुसरंच काही बोलत राहायचे, हात तसाच हवेत. बघणाऱ्याचाच खांदा दुखायला लागायचा. मग सर म्हणायचे, "हे गिव्ह. गेलं ते गेलं. इसरा आता."

असा एखादा मास्तर तुम्हीही पाहिला असेल. पण आमच्या दिंद्रुडच्या सरांसारखा पाहिला असेल, असं मला वाटत नाही, आणि हे मी अभिमानानं सांगतोय. शाळेसमोर माझं किराणा दुकान आहे. दुकानाच्या मागची खोली मी सरांना भाड्यानं दिली होती. सर मूळ लिंबागणेशचे. घर, शेत, म्हातारे आईवडील सगळं तिकडं, म्हणून त्यांची बायको, आमच्या काकू, त्याही तिकडंच. सर शनिवारी दुपारी शाळा सुटली की गावी जायचे आणि रविवारी संध्याकाळी परत यायचे. आठवड्याचे बाकीचे दिवस ते आमचे.

त्या खोलीची एक भिंत बघण्यासारखी होती. भिंतभर खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एक वस्तू. लांब दांड्याची काळी छत्री, सायकलचा पंप, करवत, इस्त्री, ड्रिल मशीन, गरम पाण्याची पिशवी. शिडी कोपऱ्यात उभी. खाली टेबलावर लाल कापडी बांधणीची जाडजूड डिक्शनरी. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला आणि त्यावर वस्तूचं इंग्रजी नाव. ज्याला जे लागेल ते त्यानं न्यावं, पण मागायचं इंग्रजीत. कधी परत आणणार तेही इंग्रजीत सांगायचं. आणि आणून द्यायला स्वतः यायचं, दुसऱ्याच्या हाती पाठवायचं नाही.

आता माझा स्वभावही सांगून टाकतो. मी वस्तूच्या बाबतीत चिक्कू माणूस. माझ्या दुकानात पाटीच होती, "शिडी, पाना, हातोडी मागू नये." माझा हातोडा एकदा एकानं नेला तो दांडा मोडूनच परत आला, तेव्हापासून ती पाटी. आणि त्याच भिंतीच्या पलीकडं हा माणूस पंप आणि करवती वाटत बसलेला. मी एकदा बोललोच, "सर, एक दिवस खिळे तेवढे ऱ्हातील तुमच्याकडं."

"अप्पा, खिळेबी लेंड करू की," सर म्हणाले.

पहिल्या वर्षी लोक हसायचे. एकदा एक तरणाबांड पोरगा आला आणि ऐटीत म्हणाला, "सर, गिव्ह मी शिडी." सर खुर्चीतून उठले नाहीत. "गिव्ह म्हणलास. म्हंजी कायमची देऊन टाकायची का? मंग मी माळ्यावर कसा चढू बे?" पोरगा डोकं खाजवत उभा. बाहेर ओट्यावर बसलेल्या बायका आत ऐकू जाईल एवढ्यानं ओरडल्या, "लेंड म्हण की रं, लेंड!" त्यातल्या एकीनंही शाळेचं तोंड बघितलेलं नव्हतं. सरांनी त्या पोराला शिडी दिली आणि ओट्याकडं बघून हात जोडले.

त्या बायकांतली पुढारी म्हणजे गयाबाई. समोरच्या गल्लीत तिची पिठाची गिरणी. आयुष्यभर गिरणीच्या आवाजावर बोलून बोलून तिचा आवाज असा झालेला, की ती कानात सांगायला लागली तरी चौकात कळावं. एका थंडीत तिचे गुडघे धरले. ती सरांच्या दारात आली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली, "सर, विल यू लेंड मी गरम पाण्याची पिशवी? परवा आणते. परवा इंग्रजीत कसं म्हणत्यात, मला येत न्हाई." सरांनी ते तिथल्या तिथं माफ केलं.

परवाच्या दिवशी गयाबाई पिशवी घेऊन आली. पिशवी धुतलेली, पुसलेली, आणि सोबत फडक्यात बांधलेल्या ओल्या शेंगा. सर म्हणाले, "ह्या कावून?"

"कावून म्हंजी? दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत देत आस्त्यात का? ह्या पिशवीत काय घालता येईना म्हणून संगं आणल्या."

ही रीत आपल्याकडं घरोघर आहे. शेजारणीचा डबा आला तर त्यात चिमूटभर साखर तरी घालून तो परत जातो. तुम्ही आम्ही ती रोज पाळतो आणि तिच्याबद्दल कधी बोलत नाही. पण सरांना त्या दिवशी काहीतरी सापडल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात हात पुढं नेला, मागं आणला, आणि छातीवर ठेवताना त्याची मूठ केली. "गेलं. आलं. अन् येताना भरून आलं. ही मूठ इंग्रजांच्या पुस्तकात न्हाई. ही दिंद्रुडची हाय." माझी मुलगी शिवलीला त्या वर्गात होती. घरी येऊन तिनं मला ते करून दाखवलं. इंग्रजीच्या तासाला काय झालं हे तिनं आपणहून सांगायची ती पहिली वेळ.

कारण शिवलीला इंग्रजीला भ्यायची. गणितात हुशार, पाढे तर माझ्यापेक्षा पाठ, पण इंग्रजीचं पुस्तक उघडलं की पोरीच्या हाताला घाम यायचा. सरांनी तिला डिक्शनरी हाताळायला लावली. रोज एक शब्द हुडकायचा आणि दुकानात बसून मला सांगायचा. मला कितपत कळायचे ते सोडा, पण वर्षभरात पोरगी धीट झाली. ती दहावीत गेली तेव्हा मला वाटलं, आता निघाली ही.

आणि दहावीची शाळा सुरू होऊन दोन-तीन महिने झाले नाहीत तोच सरांचा आदेश आला. डोंगराकडच्या एका गावात इंग्रजीला कुणी नाही, तेव्हा तिथं प्रतिनियुक्ती, दिवाळीपर्यंत. आदेश मोबाइलवर आला आणि दुसऱ्या दिवशी सर निघाले. जाताना त्यांनी ती लाल डिक्शनरी शिवलीलाच्या हातात ठेवली. तिचे डोळे भरलेले.

"ही लेंड हाय," सर म्हणाले. "दिवाळी झाली की घेणार मी परत. मी आलोच न्हाई तर ती गिव्ह व्हईल, अन् मला काय ही गिव्ह करायची न्हाई."

दिवाळी झाली. फराळाचे डबे संपले. सर आले नाहीत. मी फोन केला तर म्हणाले, "अप्पा, आदेश वाढला. आता परीक्षेपर्यंत हिकडंच." त्यांचा आवाज बारीक झाला होता. शिवलीलानं डिक्शनरी फडक्यात गुंडाळून वर ठेवून दिली. जेवताना मला म्हणाली, "अप्पा, इंग्रजी जाणारच हाय माझी. पुढं शिकायचं तुमी डोक्यातून काढा." आणि ताटावरून उठून गेली.

मी दुकानदार माणूस. ऑफिसात जाऊन भांडायचं म्हटलं तर माझी जीभ टाळ्याला चिकटते. हे सगळं मी गयाबाईला दळणाला गेलो तेव्हा सांगितलं. तिनं गिरणी बंद केली. भर दुपारी, रांगेत डबे असताना. "उद्या जायचं," ती म्हणाली. "नेलेली वस्तू परत देईनात तर मागायला मालकानं सोता जायचं आस्तं."

दुसऱ्या दिवशी मी, गयाबाई आणि शिवलीला एसटीनं शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेलो. साहेब भले होते, खुर्च्या दिल्या. मी घसा साफ करत होतो, तेवढ्यात गयाबाई सुरू झाली. ऑफिसातल्या सगळ्या माना वळल्या.

"साहेब, आमचे सर आमी दिलेले न्हाईत. लेंड केलेत."

साहेब हसले. "काय केलेत?"

गयाबाईनं हात पुढं नेला, थांबली, मागं आणला. "छत्री नेली तर पाऊस सरला की आणून देत्यात. तुमी दिवाळीपतुर नेलते. दिवाळी कवाच झाली."

"आजी, पण सर म्हणजे काय वस्तू आहे का?"

"वस्तू आसते तर येवढ्या लांब आलो नसतो. नवी घेतली आसती."

साहेबांचं हसू थांबलं. तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची सरकली. शिवलीला उभी राहिली होती. हाताला घाम आला होता, ओढणीला पुसत होती. तिनं खाली बघत, पण एका दमात म्हटलं, "सर, वुई लेंट हिम टू यू. प्लीज रिटर्न हिम."

सांगतो तुम्हाला, मला त्यातले दोन-तीन शब्दच कळले असतील. पण माझी पोरगी परक्या ऑफिसात साहेबापुढं उभी राहून इंग्रजी बोलली, आणि तिच्या तोंडात एक शब्द अडला नाही. मला हुंदका आला. मी रुमाल काढून उगाच चष्मा पुसत बसलो. इतका अभिमान मला दुकानाचं उद्घाटन झालं त्या दिवशीही वाटला नव्हता.

मग साहेबांनी शिवलीलालाच विचारलं, "बाळ, तू बरोबर बोललीस. पण तिकडच्या शाळेतल्या पोरांनी काय करायचं? तीही दहावीलाच आहेत. त्यांनाही सरच पाहिजेत."

आम्ही साहेबांना नमस्कार करून उठलो. परतीच्या एसटीत आम्ही तिघंही खिडकीबाहेर बघत आलो.

आठवड्यानं सकाळी मी दुकान उघडत होतो, तर थांब्यावर एसटीतून सर उतरले. एका हातात त्यांची पेटी आणि दुसऱ्या हातात सीताफळांची पाटी. मागून कंडक्टर अजून एक पोतं उतरवत होता. डोंगराकडच्या त्या गावानं त्यांना परत पाठवताना हंगामाची शेवटची सीताफळं आणि पोतंभर बाजरी दिली होती. गयाबाईनं पाटीत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "चांगली माणसं हायेत. रिकामे न्हाई धाडले." शिवलीला घरातून पळत डिक्शनरी घेऊन आली. फडक्यात तिनं दिवाळीची उरलेली शंकरपाळी बांधून ठेवली होती, महिनाभर जपून. ती पार मऊ पडली होती. सरांनी तिथंच उभ्या उभ्या खाल्ली.

पण साहेबांनी विचारलेला प्रश्न राहिलाच होता. त्याचं उत्तर सर आधीच देऊन आले होते. संध्याकाळी ते दुकानापुढं येऊन उभे राहिले, फळीला टेकले नाहीत. गिऱ्हाइकं होती, ओट्यावर बायका होत्या.

"अप्पा, विल यू लेंड मी युवर मोटरसायकल? एव्हरी सॅटर्डे."

कशाला, ते त्यांनी मराठीत सांगितलं. साहेबांना ते सांगून आले होते, की शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारभर डोंगराकडच्या पोरांना शिकवीन. तिकडं जायला त्या वेळी एसटी नाही. आणि ह्यांचा शनिवार म्हणजे घरी जायचा दिवस. काकू वाट बघणार, म्हातारे वाट बघणार.

माझी मोटरसायकल तेव्हा जेमतेम चार महिन्यांची होती. सीटवरचं प्लास्टिक मी काढलेलं नव्हतं. रात्री मी तिच्यावर चादर घालायचो, हे गावाला माहीत होतं, म्हणून ओट्यावरच्या बायका ऐकायला पुढं सरकल्या. मी दुकानातल्या 'मागू नये'च्या पाटीकडं बघितलं. माझ्या पोरीकडं बघितलं. गल्ल्यातून किल्ली काढली आणि म्हणालो, "कवा परत आणणार, ते इंग्रजीत सांगा."

ओट्यावर जो गलका झाला तो अजून माझ्या कानात आहे. ती पाटी मी दुसऱ्या दिवशी काढून टाकली.

मग वर्ष संपेपर्यंत दर शनिवारी माझी गाडी डोंगराकडं जायची. तिथून सर अंधार पडता पडता लिंबागणेशला पोचायचे आणि रविवारी संध्याकाळी गाडी दारात लागायची. पुसलेली, टाकी भरलेली. हँडलला कधी वांग्यांची पिशवी, कधी बोरं, एकदा तर जिवंत कोंबडा. आता आम्ही लिंगायत वाण्याचं घर. मी त्या कोंबड्याकडं बघतोय आणि कोंबडा माझ्याकडं. सर म्हणाले, "त्यांना काय ठाऊक अप्पा, गाडी कुणाची हाय ते." कोंबडा गयाबाईच्या गिरणीवर राहायला गेला.

शिवलीला इंग्रजीत पास झाली आणि डोंगराकडची पोरंही झाली. दोन्ही गावांत पेढे वाटले. मी दोन्हीकडचे खाल्ले.

पुढं चार-पाच वर्षांनी सर निवृत्त झाले. निघायच्या दिवशी सकाळपासून त्यांच्या दारात रांग लागली. बाहेर गेलेली प्रत्येक वस्तू परत येत होती. छत्रीच्या घड्यांत हरभऱ्याचे डहाळे खोचलेले, इस्त्रीसोबत भाजलेल्या तिळाची पुडी, शिडीला गुळाची ढेप बांधलेली. सर सांगत होते, "आरं बास, टेम्पोत जागा न्हाई." ऐकतंय कोण. गयाबाई टेम्पोच्या फाळक्यापाशी उभी राहून सामान चढवून घेत होती. "लिंबागणेशनं आमाला सर लेंड केलते," ती टेम्पोवाल्याला ओरडून सांगत होती. "रिकामं कसं धाडावं?"

सरांनी भाषण केलं नाही. हात पुढं नेला, मागं आणला, मूठ छातीवर ठेवली आणि तशीच ठेवून टेम्पोत बसले. डिक्शनरी मात्र त्यांनी पुन्हा शिवलीलाच्या हातात दिली होती. ती तेव्हा डी.एड. करत होती. "नोकरीला लागलीस की आणून दे. सोता यायचं. दुसऱ्याच्या हाती धाडायची न्हाई."

शिवलीला घाटनांदूरला एका शाळेत लागली. फोनवर सरांना कळवलं. सर म्हणाले, मग कधी येतेस? ही म्हणाली, येते पुढच्या रविवारी. पण नवी नोकरी, नवं गाव. एका रविवारी शाळेचं काम निघालं, एका रविवारी ताप. असे किती रविवार जातात, तुम्हाला सांगायला नको. एका सकाळी लिंबागणेशहून फोन आला. सर पहाटे झोपेतच गेले.

शिवलीला खूप रडली. "अप्पा, वस्तू मी येळेत न्हाई दिली," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी समजूत घालायला गेलो की तिला अजूनच रडू यायचं. सरांच्या वर्गातली सगळी पोरं वेळेवर वस्तू परत करणारी, आणि तीच एक राहिली, हे तिच्या मनातून जाईना.

दिवस झाल्यावर आम्ही लिंबागणेशला गेलो. तीच मोटरसायकल, आता जुनी झालेली. मी पुढं, शिवलीला मागं, मांडीवर लाल डिक्शनरी. रस्ताभर तिनं ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. घराच्या भिंतीवर मी आधी खिळे बघितले. इथंही सरांनी सगळं तसंच टांगलेलं होतं, छत्री, पंप, करवत. दोऱ्याला पुठ्ठ्याचे तुकडे.

शिवलीलानं काकूंच्या पाया पडून डिक्शनरी त्यांच्यापुढं ठेवली. "काकू, मी उशीर केला."

काकूंनी फडकं सोडलं. डिक्शनरीत कागद होते, तिच्या घाटनांदूरच्या वर्गातल्या पोरांनी लिहिलेले. प्रत्येकानं 'लेंड' हा शब्द घालून आपलं एकेक वाक्य लिहिलं होतं. काकूंना इंग्रजी येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "वाच बरं एक."

शिवलीलानं पहिला कागद उचलला. "विल यू लेंड मी युवर सायकल? आय विल ब्रिंग इट बॅक बिफोर डार्क." आणि मग मराठीत सांगितलं, की एक पोरगं मित्राची सायकल मागतंय आणि अंधार पडायच्या आत आणून देतो म्हणतंय.

काकू हसल्या. डोळ्यांना पदर लावला आणि पुन्हा हसल्या. "भरून आणलीस की गं." त्यांनी सगळे कागद गोळा करून नीट घडी घातली आणि आपल्या कमरेच्या पिशवीत ठेवले. "हे माझे." मग डिक्शनरी उचलली आणि शिवलीलापुढं धरली.

"काकू, ही तुमची. परत द्यायलाच आणली."

"मिळाली मला. आता मी देते. तुझ्या पोरांना लागल." काकूंचा हात पुढंच होता. शिवलीला घेईना तसं त्या म्हणाल्या, "गिव्ह न्हाई बरं का. लेंड हाय. पुढच्या साली आणून द्यायची. अन् रिकामी येऊ नको, असेच कागुद आण."

शिवलीलानं डिक्शनरी घेतली आणि छातीशी धरली.

आम्ही निघालो. वळणावर मी गाडी हळू केली आणि दोघांनी मागं बघितलं. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी आमच्याकडं हात लांब केला, क्षणभर तसाच ठेवला, आणि मग सावकाश मागं घेऊन मूठ छातीवर ठेवली.

"अप्पा," शिवलीला मागून म्हणाली, "पुढच्या साली गाडी लागल मला. देताल का?"

मी म्हणालो, "आधी इंग्रजीत माग."

तिनं मागितली.